कॅसेटमधले लोक

जय भीम, नमस्कार मंडळी. खोटं कशाला बोलू, या ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आम्ही बौद्ध. घरात कधी गंडा-दोरा आला नाही, कुणाच्या अंगात आलं नाही. तरी आज मीच लिहायला बसलेय... फार शिकलेली नाही, बोलते तसं लिहिते, सांभाळून घ्या.

आम्ही बदलापूरला, मांजर्लीत राहतो. आमचे हे अंबरनाथ एमआयडीसीत फिटर होते. लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट — जयंतीसाठी भीमगीतं भरून आणायला उल्हासनगर कॅम्प दोनला गेले आणि दुकानदाराने चुकून भलत्याचीच कॅसेट हातात दिली. परदेशातल्या लांब केसवाल्या बँडचा स्टेजवरचा कार्यक्रम. हार्ड रॉक म्हणतात त्याला. बँडचं नाव मला आजही धड घेता येत नाही. मी म्हटलं परत करा. तर म्हणाले, दिवसभर मशीन जे ओरडतं त्यालाच यांनी चाल लावलीय, राहू दे.

मग नादच लागला. पण हवी ती लाइव्हच. समोर माणसं ओरडत नसतील तर ह्यांना गाणं अळणी लागायचं. डोळे मिटून, त्या गर्दीत बसल्यासारखे ऐकायचे. २००५च्या पुरात बऱ्याच कॅसेट गेल्या, माळ्यावरच्या थोड्या वाचल्या. त्यात ही पहिली.

गेल्या वर्षी ह्यांची छाती बिघडली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. एका दुपारी तीच कॅसेट ऐकता ऐकता म्हणाले, "शालू, लोक कमी झालेत गं."

मला वाटलं, आता कानही गेले. पण मुलीने, प्रज्ञाने ऐकलं — खरंच! गाणी तीच, ड्रम तसाच दणदणीत, मागचा गलका मात्र विरळ. दर खेपेला आणखी विरळ. दुसऱ्या कॅसेट लावल्या तर गर्दी जशीच्या तशी. प्रज्ञा टेप आणि ती कॅसेट घेऊन कॅम्प दोनच्या रिपेअरवाल्याकडे गेली. त्याने टेपचं हेड पुसलं, ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, हेड खराब हो तो पूरी आवाज दबती है. सिर्फ पब्लिक कैसे जाएगी?"

ह्यांनी मनात काय धरलंय ते मला कळलं होतं. शेवटचा माणूस उठला की आपणही उठायचं. मी कॅसेट तांदळाच्या डब्यात लपवली. रोज विचारायचे, रोज मी सापडत नाही म्हणायचे. शेवटी एकदा धापा टाकत म्हणाले, "जन्मभर म्हणालीस, हा गोंगाट बंद करा. आता बंद होतोय तर लपवतेस?"

डबा उघडला. काढली. दुपारची वेळ, प्रज्ञा कामावर. लावली... आणि त्यात कुणीच नव्हतं. तो गाणारा मध्येच लोकांना काहीतरी ओरडून विचारतो, उत्तरासाठी थांबतो — आणि समोरून काही नाही. तरी बिचारा पुढचं गाणं सुरू करतो. शेवटचं गाणं संपलं. नुसती शांतता. हे माझ्याकडे बघत होते.

मग मीच टाळ्या वाजवल्या. आधी लाजत, मग जोरात. हे हसले. श्वास पुरत नव्हता तरी हसले.

त्याच आठवड्यात हे गेले.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर प्रज्ञाने बाबांची आठवण म्हणून ती कॅसेट लावली. गर्दी नव्हतीच. पण शेवटचं गाणं संपलं आणि एकच कुणीतरी टाळ्या वाजवू लागलं. आधी हळू, मग जोरात, बांगड्यांच्या आवाजासकट. आणि शेजारी कुणीतरी हसलं, धाप लागल्यासारखं. प्रज्ञा माझ्या हातांकडे बघत राहिली.

आमच्या टेपचं रेकॉर्डचं बटण पुरापासून बंद आहे. कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडेही ह्यांनी कधीच मोडून टाकले होते, म्हणजे तिच्यावर परत काही भरलं जाऊ नये. मग हे भरलं कुणी? तुमच्यात कुणाला कळलं तर सांगा, मला काही कळत नाही. प्रज्ञा म्हणते, आई, परत ऐकूया ना. मी नाही लावू देत. भीती त्या आवाजाची नाही वाटत हो... त्या लोकांसारखं हे हसणंही दर खेपेला थोडं थोडं कमी झालं तर?