मामांचा मेंदू आणि मामींचे डबे

विसरभोळेपणाला माझ्या मामेसासऱ्यांइतका घाबरलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा झाला नसेल. वाघ समोर आला असता तर त्यांनी शांतपणे त्याची जात आणि कूळ सांगितलं असतं, कारण जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. पण चष्मा कुठे ठेवला ते आठवेना की त्यांना दरदरून घाम फुटायचा. "जावईबापू, सुरुवात झाली," एवढंच एकदा त्यांनी कार्डावर लिहून पाठवलं आणि आम्ही नवरा-बायको धसकून साताऱ्याहून मिळेल त्या एसटीनं सांगलीला पोचलो. बघतो तर मामा अंगणात उभे राहून डाव्या हातानं दात घासतायत. उजव्या हातानं मेंदूचा एकच भाग राबतो म्हणे. फेस सगळा सदऱ्यावर.

एकोणीसशे नव्वदनंतरची ती वर्षं. म्हातारपणी मेंदूचं काय होतं यावर तेव्हा सतत काहीतरी नवीन छापून यायचं आणि वाचनालय उघडायच्या आधीच मामा पायरीवर बसलेले असायचे. अ‍ॅल्युमिनियम मेंदूत साठतं असं कुठेसं आलं, त्या दिवशी त्यांनी घरातली निम्मी भांडी कुकरसकट भंगारात दिली. "आता डाळ तुमच्या डोक्यावर शिजवू का? तापलेलं असतंच," मामी म्हणाल्या. पुढे कधीतरी त्यात फारसं तथ्य नसावं असंही छापून आलं. मामांनी तेही तेवढ्याच निष्ठेनं वाचलं, पण कुकर काही परत आला नाही.

मग आले उंदीर. पिंजऱ्यात शिड्या-चाकं ठेवली आणि त्यांच्या जागा बदलत राहिलं की उंदरांचे मेंदू तल्लख राहतात, हे वाचून मामांनी आपल्या तीन खोल्यांकडे पाहिलं आणि त्यांना तो रिकामा पिंजराच वाटला. झालं. दर रविवारी सकाळी चहा झाला की घर हलायचं. पलंग खिडकीशी, कपाट दारामागे, आणि स्वयंपाकघरात तर मिठाच्या जागी साखर, साखरेच्या जागी रवा. मुक्कामाला गेलो की माझ्या चपला कधी कोठीत सापडायच्या, कधी देवघराशेजारी. "मेंदूला नवी वाट पडली पाहिजे," मामा म्हणायचे. "माझी एसटी चुकतेय मामा," मी म्हणायचो. हे खूळ मेलं लागण झाल्यासारखं पसरतं. साताऱ्याला परत येऊन ऑफिसात एखाद्या कारकुनाचं नाव पटकन आठवलं नाही की दुसऱ्या दिवशी मीही चोरून डाव्या हातानं दात घासायचो.

मामींची अर्थातच फजिती व्हायची. चहात मीठ पडायचं, आमटीत दोनदा पडायचं, कधी त्या फळीसमोर नुसत्या उभ्या राहायच्या. मामा खूश. "वेळ लागतो, उंदरांनाही लागला होता," असं सांगून ते ती खारट आमटी मिटक्या मारत संपवायचे.

एका पावसाळ्यात मामा तापानं आडवे झाले. तीन रविवार घरातली काडीसुद्धा हलली नाही. माझी बायको सेवेला गेली होती, मी न्यायला गेलो होतो. मामी साखर शोधत होत्या. हळदीचा डबा उघडून बघितला, मिठाचा बघितला, परत हळदीचा. बायको सहज म्हणाली, "मामी, डबे तर जागेवरच आहेत की."

मामा अंथरुणात उठून बसले. एवढा भ्यालेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यांचा घाबरलेला चेहरा मी शंभरदा पाहिलेला. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढे मामींबद्दल सांगितलं ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. मामींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, "मी माझंच डोकं तपासत बसलो, जावईबापू. तिचं चुकायला लागलं तेव्हा मला वाटलं, डबे मी हलवतोय म्हणून चुकतंय."

बरं वाटल्यावर त्यांनी सगळं मूळ जागी लावायला घेतलं, तर मूळ जागा त्यांना आठवेनात आणि मामींना सांगता येईनात. शेवटी माझ्या बायकोनं, लहानपणी सुट्टीत तिथे राहायची त्या आठवणीवर, एकेक डबा लावून दिला. त्यानंतर मामांनी वाचनालय सोडलं. स्वतःच्या मेंदूबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

साताऱ्याला आमच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. उखाणा घेण्यात मामींचा हात धरणारं आमच्या नात्यात कुणी नव्हतं, त्यामुळे बायकांनी आग्रह केला. मामी हसत उभ्या राहिल्या. "मिरजेच्या सतारीला मखमलीची गवसणी," एवढं ठसक्यात म्हणाल्या आणि नवऱ्याचं नाव यायचं तिथे थांबल्या. पुन्हा पहिली ओळ म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

पुरुषांच्या बाजूनं मामा उठले. "नाही घ्यायची ती नाव," ते मोठ्यानं म्हणाले. "सकाळी भांडलोय मी तिच्याशी. फार बोललो." हशा पिकला. मामीही हसल्या, आणि मामा त्यांच्याजवळ जाऊन, चारचौघींत, त्यांचं नाव घेऊन मोकळे झाले.

पुढे प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला मामा सकाळीच भांडून आलेले असायचे. "आवं मामा, किती छळताय त्या माउलीला? वय झालं की आता," असं एकदा आमच्या शिराळ्याच्या विहिणीनं सगळ्यांसमोर सुनावलं. मामांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलंच माझं."

दोघंही आता नाहीत. मामांचा विषय निघाला की नात्यातली माणसं अजून म्हणतात, माणूस विद्वान, पण बायकोला फार त्रास दिला हो. माझ्या अगदी ओठावर येतं. पण नात्यात कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.