हेस्टरचं नाक

व्हर्ना ओस्टरहाउटच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द कधी निघत नसत. केल्सी हॉलोच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. रोज दोनशे पोरं ताट पुढे करून विचारायची, यात काय आहे? सरकारकडून येणाऱ्या डब्यांवर पुष्कळदा चिठ्ठीच नसे, पण व्हर्ना ठणकावून 'टर्की' म्हणायची आणि पोरं टर्की समजून खायची. ती सवय जडली ती जडलीच. एकदा मयताला निघालेल्या एका परक्या माणसाने तिला चर्चचा रस्ता विचारला. तिने तो लगेच सांगितला. गृहस्थ भलत्याच मयताला जाऊन बसला, तिथे रडला, जेवला आणि परतताना मुद्दाम गाडी थांबवून तिचे आभार मानून गेला. मी तेव्हा त्याच रस्त्यावर टपाल वाटत होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

आमच्या हॉर्नबीम डोंगराच्या माथ्यावर वणव्यावर नजर ठेवायचा एक जुना लोखंडी मनोरा आहे. आता तिथे पगारी पहारेकरी नाही. शनिवार-रविवार आमच्यासारखे निवृत्त रिकामटेकडे जोडीजोडीने जातात आणि फुकट काम करतात. एकाने खाली लाकडी खोपटात बसून नोंदवही सांभाळायची. दुसऱ्याने सत्तर फूट वर, मनोऱ्याच्या डोक्यावरच्या काचेच्या खोलीत बसून आल्यागेल्याला समोरच्या डोंगरांची नावं सांगायची आणि कुठे धूर दिसला तर वायरलेसवर कळवायचं.

या सगळ्याचा कारभार प्रेंटिस नावाच्या निवृत्त सर्वेअरकडे आहे. ते हाफ पँटलाही इस्त्री करतात. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये त्यांनी आम्हाला शिकवलं, तेव्हा तीनदा बजावून सांगितलं की एखादं नाव ठाऊक नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा, लोक काही मनावर घेत नाहीत. व्हर्नाने ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना मी तिच्या शेजारीच होतो.

वरच्या खोलीच्या मधोमध एक गोल टेबल आहे आणि त्यावर काचेखाली नकाशा असतो. त्या वर्षी उन्हाने तो नकाशा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा पडला होता, म्हणून प्रेंटिस तो नवा छापायला घेऊन गेले होते. आमच्या पाळीच्या आत नवा पाठवतो म्हणाले. तो काही आला नाही. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, पानं लालभडक झालेली, वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी, आणि व्हर्ना सहा उकडलेली अंडी, खिम्याच्या मीटलोफची सँडविचं आणि विणकामाची पिशवी घेऊन रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसली.

मी खाली संडासाचं दार दुरुस्त करत होतो. साळिंदराने ते बुडाकडून वीतभर कुरतडून खाल्लं होतं. साडेदहाच्या सुमाराला गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई मनोऱ्यावरून उतरली आणि नोंदवहीत लिहून गेली: 'हेस्टरचं नाक कल्पनेपेक्षाही सुंदर आहे.'

मी ते दोनदा वाचलं. या डोंगरांच्या पायथ्याने मी उभा जन्म पत्रं वाटली, पण त्या नावाचा डोंगर मला कधी भेटला नव्हता. हेस्टर मात्र भेटली होती. ती व्हर्नाची नणंद. डोंगराच्या पायथ्याशी तिचं खाणावळवजा हॉटेल आहे. आणि तिचं नाक, काय सांगू, ती दारातून आत येण्याआधी ते आत येतं.

जेवणाच्या वेळेपर्यंत वहीत आणखी नावं जमली. 'दोन रुसलेले पाद्री'. 'उलटा टोप'. 'मेलचा ढेकर'. मेल म्हणजे व्हर्नाचा नवरा, देवाघरी गेलेला. मी हातोडी ठेवली आणि गुडघे चोळत मनोरा चढलो.

वर व्हर्ना स्वेटर विणत बसली होती. भोवती सात माणसं कान देऊन उभी होती आणि ती त्यांना सांगत होती की मेल नावाचा एक शिकारी शंभर वर्षांपूर्वी त्या बुटक्या डोंगरावर जेवला, आणि त्याचा ढेकर अजून पावसाळी हवेत ऐकू येतो. एकाने तर कानामागे हात धरून पाहिला. ती मंडळी उतरल्यावर मी तिला विचारलं, "व्हर्ना, तुला प्रेंटिसनी काय सांगितलं होतं?"

"लोकांना नावं सांग म्हणाले होते."

"आणि नाव माहीत नसेल तर?"

"अरे नॉर्ब, अडीच तास धापा टाकत वर आलेत बिचारे. त्यांना तसंच कोरडं परत पाठवू? माझ्याच्यानं नाही होणार बाबा. तुला जमत असेल तर तू पाठव."

तेवढ्यात एक नवराबायको वर आली आणि बाईंनी नेमकं मलाच उत्तरेकडच्या लांब डोंगराचं नाव विचारलं. त्याच्या पायथ्याशी मी वीस वर्षं टपाल टाकलेलं. नाव जिभेच्या टोकावर होतं, पण बाहेर येईना. बाई आशेने माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"आळशी घोडा," मी म्हणालो.

व्हर्नाने माझ्या पाठीवर थोपटलं. त्यानंतर तिला चार शब्द सुनावायचा मला काही हक्क उरला नाही. उलट मीच लक्षात आणून दिलं की सकाळचे आणि दुपारचे लोक वाटेत भेटतात, बोलतात, तेव्हा नावं बदलून चालणार नाही. सँडविचच्या कागदावर मी यादी केली. संध्याकाळपर्यंत चौदा डोंगर झाले.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात आली नाही. डोंगर उतरलेला प्रत्येक माणूस भुकेला असतो, आणि अकरा मैलांत हेस्टरच्या हॉटेलाशिवाय खायला दुसरी जागा नाही.

नणंद-भावजयींचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. मेलच्या मयताच्या जेवणात व्हर्नाने बटाट्याचं सॅलड केलं होतं आणि हेस्टर चारचौघांत म्हणाली होती की याला शाळेची चव आहे. तेव्हापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या या दोघी एकमेकींना निरोप द्यायचा तर माझ्याकडून द्यायच्या. निवृत्त झाल्यावरही माझं तेवढं टपाल चालूच होतं.

शनिवारी संध्याकाळी काय झालं ते हेस्टरने मागाहून सांगितलं. पहिल्या टेबलावर तिने आपलं नाव ऐकलं तेव्हा तिला वाटलं, कान वाजले. दुसऱ्या टेबलावरही तेच. तिसऱ्या टेबलावरच्या माणसाने तिला कौतुकाने फोनमधला फोटो दाखवला आणि म्हणाला, हे बघा हेस्टरचं नाक. मग त्याची नजर तिच्या एप्रनवरच्या नावावर गेली. तिथून ती वर, चेहऱ्यावर गेली. मग तो मान खाली घालून बशीतला ॲपल पाय खाऊ लागला आणि बिल देईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला झाडीतून हेस्टर बाहेर आली. पायात हॉटेलातले पांढरे बूट, अंगावर तसाच एप्रन, हातात मोडलेली फांदी, आणि चेहरा मेपलच्या पानांच्या रंगाचा. वय एकाहत्तर. जन्म याच डोंगराखाली झाला, पण वर यायची ही पहिली वेळ. तिने माझी पाण्याची बाटली घेतली आणि तळापर्यंत संपवली.

"ती वर आहे?" तिने विचारलं.

आहे म्हणालो. ती मनोरा चढू लागली. मागच्या मागे पडली तर कोणीतरी असावं म्हणून मी तिच्या मागोमाग चढलो. पडली असती तर मी काय करणार होतो याचा विचार मी अर्ध्या वाटेवर केला आणि कठडा घट्ट धरला.

वरच्या खोलीत चार प्रवासी होते. नणंदेला पाहून व्हर्नाच्या सुया थांबल्या. हेस्टरने दम खाल्ला. सहा वर्षांनी ती भावजयीशी पहिला शब्द बोलली, तो असा: "दाखव."

दुसऱ्या कोणीही माफी मागितली असती. व्हर्नाने विणायची सुई उचलून नैर्ऋत्येकडे रोखली. "तो. सगळ्यांत उंच."

हेस्टर बराच वेळ बघत राहिली. प्रवासीही आधी डोंगराकडे आणि मग हळूच हेस्टरकडे बघत होते. एकाने कॅमेरा वर केला, पण तिची नजर वळताच पुन्हा पिशवीत घातला.

"माझं नाक असं नाहीये."

"बाजूनं बघ. बाजूनं आहे."

"त्या टोकाखाली खड्डा पडलाय."

"अगं, ती नाकपुडी आहे."

हेस्टरने मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. मग तिने शेजारच्या बुटक्या डोंगराचं नाव विचारलं. व्हर्नाने जरा अडखळत 'मेलचा ढेकर' म्हणून सांगितलं. हेस्टरचे खांदे हलू लागले. आपल्या मेलेल्या भावाची थट्टा केली म्हणून आता ही रडणार असं मला वाटलं, पण ती हसत होती. आईच्या टेबलावर मेल ढेकर द्यायचा तेव्हा कपाटातल्या बशा वाजायच्या, असं ती त्या चार अनोळखी माणसांना सांगू लागली. व्हर्नाने लगेच लग्नातल्या ढेकराची गोष्ट काढली. दोघींना हसून हसून उभं राहवेना.

डोळे पुसून झाल्यावर हेस्टरने विचारलं की तुझा डोंगर कुठला? व्हर्नाने स्वतःच्या नावाचा एकही ठेवला नव्हता. हे काही चालायचं नाही, असं हेस्टर म्हणाली. चारी बाजू न्याहाळून तिने एक बसकी, गोल, गुठळ्यागुठळ्यांची टेकडी निवडली आणि तिला 'व्हर्नाचं सॅलड' असं नाव दिलं. व्हर्नाने थोडा वेळ त्या टेकडीकडे बघितलं आणि ते मान्य केलं. मी यादीत पंधरावं नाव लिहिलं.

दीडच्या सुमाराला एक प्रवासी म्हणाला, तो धूर आहे का? खरंच होता. हेस्टरच्या नाकाखालून पांढऱ्या धुराचा जाडजूड लोट वर येत होता. आम्ही सगळे काचेला चिकटलो. व्हर्नाने मात्र न घाबरता, शिकवल्याप्रमाणे वायरलेस उचलला. पलीकडे लेलँड होता. रविवारी केंद्राचा वायरलेस तोच सांभाळतो. त्याने जागा विचारली. नकाशा नव्हता, त्यामुळे दिशेचे अंशही सांगता येत नव्हते. व्हर्ना स्वच्छ आवाजात म्हणाली, "हेस्टरच्या नाकाखाली. डाव्या नाकपुडीच्या जरा खाली."

मी डोळे मिटून घेतले. पण लेलँड शनिवारी हेस्टरकडे ॲपल पाय खायला गेला होता आणि त्याने टेबलाटेबलावर तेच ऐकलं होतं.

"डावी म्हणजे आपण बघतो तशी डावी," त्याने विचारलं, "का हेस्टरची डावी?"

व्हर्ना म्हणाली, आपण बघतो तशी. हेस्टरने तिच्या हातातून वायरलेस ओढून घेतला आणि म्हणाली, नाक माझं आहे, माझी डावी. दोघींत तिथेच जुंपली. लेलँड शहाणा माणूस. आमच्या गावचे जवान फोन उचलत नाहीत हे पाहून त्याने शेजारच्या दोन गावांना कळवलं आणि एक बंब या नाकपुडीकडे, एक त्या नाकपुडीकडे पाठवला.

आम्ही वरून दुर्बिणीतून बघत होतो. दरीतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दोन लाल बंब दिवे लावून सुसाट आले आणि नदीकाठच्या कुरणात समोरासमोर थांबले. माणसं खाली उड्या मारून पळाली. मग त्यांचं पळणं मंदावलं. पाइप कोणीच काढला नाही.

दुर्बीण हेस्टरच्या हातात होती. "ते जेवतायत," ती म्हणाली.

आमच्या गावच्या अग्निशमन दलाची दरवर्षीची कोंबडीची मेजवानी त्या दिवशी होती. एरवी ती चर्चच्या अंगणात होते, या वर्षी नदीकाठी हलवली होती. तशी चिठ्ठी हेस्टरच्याच खिडकीला आठवडाभर चिकटवलेली होती, पण ॲपल पायच्या नादात लेलँडने ती वाचली नाही आणि हेस्टरने स्वतः चिकटवूनही वाचली नाही. आमचे झाडून सगळे जवान कोळशाच्या लांब चुलींवर मधोमध चिरलेल्या कोंबड्यांचे चारशे तुकडे उलटवत उभे होते. पाहुणे एवढ्या लांबून धावत आले, त्यांना उपाशी कसं पाठवणार? तीन वाजेपर्यंत कोंबड्या संपल्या. उशिरा आलेल्या गावकऱ्यांना नुसती मक्याची कणसं मिळाली, आणि अजूनही काही लोक मला रस्त्यात भेटले की त्याबद्दल बोलतात.

उतरताना हेस्टरचे अंगठे त्या बुटांत ठेचले जाऊ लागले, म्हणून शेवटचा मैलभर ती उलटी चालली. व्हर्ना समोरून तिचे दोन्ही हात धरून तिला वळवत होती. "डावीकडे घे," व्हर्ना म्हणायची, आणि हेस्टर विचारायची, "कोणाच्या?" वर येणाऱ्या एका जोडप्याने मनोरा किती लांब आहे म्हणून विचारलं. व्हर्नाने वीस मिनिटं सांगितली. ती वाट चांगली दीड तासाची होती.

बुधवारी प्रेंटिस माझ्या घरी आले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि नोंदवही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. हसले नाहीत. एकदाच बोट ठेवून विचारलं की 'आळशी घोडा' कोणाचं? मी कबूल केलं. त्यांनी सांगितलं की ऐन तारुण्यात दोन उन्हाळे त्यांनी तो डोंगर साखळी टाकून मोजला होता, आणि हे नाव तेव्हा सुचलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी नवा नकाशा टेबलावर पसरला. त्यात सत्तावीस नावं होती. एप्रिलमध्ये परीक्षा, किमान वीस आली पाहिजेत, नाहीतर मनोऱ्यावर बसणं बंद.

व्हर्नाने हिवाळाभर अभ्यास केला, तोही हेस्टरच्या हॉटेलातल्या काउंटरवर. हेस्टर नकाशा छातीशी धरून प्रश्न विचारायची, आणि व्हर्ना ठोकून उत्तर द्यायची. सुरुवातीला त्यातली निम्मी उत्तरं चूक असायची, पण इतक्या खात्रीने दिलेली की हेस्टर पुन्हा पुन्हा नकाशा पडताळून बघायची. परीक्षेत व्हर्नाला सत्तावीसपैकी सत्तावीस मिळाले. मला एकोणीस.

प्रेंटिसनी मला जूनमध्ये आणखी एक संधी दिली आहे, तोवर मी संडासाच्या दारापाशी. हेस्टर आता माझीही तयारी करून घेते, दुपारी तीन ते चार, गिऱ्हाईक नसताना. उत्तर चुकलं की कॉफी मिळत नाही. सध्या मी बावीसवर पोचलोय.