तांदळाएवढा व्रण

फेझच्या जुन्या शहरात हाड मोडलं की लोक आधी बुअज्जाचं दार ठोठावत. दवाखाना वेशीबाहेर, तिथे रांग. बुअज्जा गल्लीतच, आणि त्याच्याकडे चहाही मिळे. चाळीस वर्षं तो हाडं बसवत आला होता. बोरूच्या कांब्या आणि अंड्याच्या पांढऱ्यात नि पिठात भिजवलेली पट्टी, एवढंच त्याचं सामान. बरा झालेला माणूस भेट म्हणून साखरेचा सुळका, म्हणजे शंकूसारखी ढेप, आणून ठेवी, तेवढ्यावर तो खूश. माणूस हेकट, पण मायाळू. मनगट बांधताना अंगठा मात्र तो मोकळा ठेवी. अंगठ्याशिवाय माणूस घास कसा घेणार, म्हणे. या मायेनेच पुढे घात केला.

त्याचा धाकटा भाऊ लार्बी नक्षीच्या फरश्या जड हातोडीने छिनायचा. ओल्या पायरीवरून घसरून तो तळहातावर पडला. बुअज्जाने मनगट बांधलं, चाळिसाव्या दिवशी सोडलं. सूज गेली होती, पण हातोडी उचलली की अंगठ्याच्या मुळाशी कळ उठे. बुअज्जाने त्याला नाटकी ठरवलं आणि तेल चोळलं. पाचव्या महिन्यात लार्बी गुपचूप दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो दाखवला. घेवड्याच्या दाण्याएवढं हाड मधोमध चिरलेलं. त्याला रक्त जवळपास एकाच टोकाने पोचतं, म्हणून ते सावकाश सांधतं, आणि अंगठा हलत राहिला की तेही नाही. त्यांनी हात उघडलासुद्धा नाही. इवलीशी चीर दिली आणि पडद्यावर बघत हाडातून एक स्क्रू बसवला.

भावाला त्याने सांगितलं, मेक्नेसला मामाकडे विश्रांतीला जातो. तीन महिन्यांनी परतला तेव्हा हातोडी चालत होती आणि मनगटावर तांदळाच्या दाण्याएवढा व्रण होता. वडिलांमागे ज्याने वाढवलं त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? लार्बीने साखरेचा सुळका पुढे ठेवला आणि म्हणाला, "दादा, तुझ्याच हाताचा गुण." बुअज्जाने ते गल्लीभर मिरवलं. कोणी मिरवलं नसतं?

पुढच्या वसंतात शेजारच्या लल्ला हुस्नियाची मुलगी बतूल गच्चीच्या शिडीवरून पडली. बतूल वर्का करायची. ओल्या पिठाचा गोळा तापल्या तव्यावर भराभर टेकवत कागदासारख्या पातळ पोळ्या उतरवायच्या, सगळी करामत मनगटाची. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला तिचीच वर्का लागे. आईला तिला दवाखान्यात न्यायचं होतं. बुअज्जाने लार्बीला हाक मारून त्याचा हात पुढे केला. लार्बी जमिनीकडे बघत पुटपुटला, एकदा फोटो काढलेला बरा.

"तुझा काढला होता?" बुअज्जाने विचारलं. "हातोडी चालवतोस ना? मग गप बस."

आणि लार्बी गप्प बसला. अख्ख्या आयुष्यात त्याने एवढं वाईट काम दुसरं केलं नाही.

बतूलचा अंगठाही मोकळाच राहिला. दीड वर्ष ती दुखणं गिळत वर्का करत होती, कारण बुअज्जाकाकांनी हात बरा झाला म्हणून सांगितलं होतं. शेवटी तव्याशेजारची परातही उचलेना, तेव्हा आईने तिला दवाखान्यात नेलं. बुअज्जाही तणतणत बरोबर गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव ऐकलं आणि त्या सहज म्हणाल्या, "म्हणजे लार्बीचे भाऊ. तो वेळेत आला म्हणून एका स्क्रूवर भागलं. हिचं अर्धं हाड मेलंय. दुखणं कमी करू, पण मनगट पहिल्यासारखं वळणार नाही."

बुअज्जा घरी आला. त्याने लार्बीचा हात मांडीवर घेतला आणि मनगट चाचपलं. व्रण त्याला लगेच सापडला.

"का रे सांगितलं नाहीस?"

"तुझी मान खाली गेली असती, दादा."

"जाऊ द्यायची होतीस," बुअज्जा म्हणाला. "माझीच गेली असती ना."

त्यानंतर त्याने पट्टी हातात धरली नाही. कोणी आलं तर चहासुद्धा न पाजता तो स्वतः दवाखान्यात घेऊन जाई आणि रांगेत उभा राही. मान मोडल्यासारखा दिसायचा. लल्ला हुस्निया त्याला टाकून बोलली असती तर सोसणं सोपं गेलं असतं. ती काहीच बोलली नाही.

रमजानात बतूल वर्का घेऊन त्याच्या दारी आली. डाव्या हाताने केलेली. तिने नेहमीसारखं त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि विचारलं, "काका, कशी झालीये?"

बुअज्जाने एक पोळी उजेडात धरली. कुठे जाड, कुठे फाटलेली. छान झालीये, हे शब्द ओठांवर आले होते. मग त्याला लार्बीने पुढे ठेवलेला तो साखरेचा सुळका आठवला.

"जाड झालीये, पोरी. फाटलीये."

बतूलने मान हलवली. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाकी सगळे छान म्हणतात." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडायला लागली. बुअज्जा पोळी हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला. तिचा हात धरायची त्याची हिंमत झाली नाही.