पॅनलखाली पेंढा

बासष्टाव्या वर्षी मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. आता अडुसष्ट उलटल्यावर त्या बासष्टच्या पोरीकडे बघते आणि हसू येतं. पोरगीच ती. केसांना मेंदी फासायची, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधायची, आणि कुणी काही सांगायला लागलं की त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. बहुतेक वेळा चुकीचं.

तिचा नवरा, म्हणजे आमचे हे, एस.टी.त ड्रायव्हर. उभी नोकरी पेण-रोहा, रोहा-पेण. या माणसानं आयुष्यात बायकोच्या साडीच्या रंगावर मत दिलं नाही की भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं नाही. तो रिटायर झाल्यावर एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस दारात आणून उभी करतो म्हणजे दुखणं जुनं होतं. आतले बाक काढले, पलंग ठोकला, शेगडी बसवली, छोटा फ्रीज बसवला. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "रोह्याच्या पुढे जायचंय एकदा. स्वतः चालवत. पार खाली कन्याकुमारीपर्यंत."

बसला रंग त्या बासष्टच्या बाईनं, म्हणजे मीच, दिला. पेणजवळ जोह्याला तिचा गणपतींचा कारखाना होता, तिथे गणपतीच्या अंगाला मारायचा गुलाबी रंग शिल्लक होता. वाया कशाला घालवायचा? त्यामुळे आमची गाडी पेणच्या नाक्यावरून गेली की कॉलेजातली पोरं हात जोडायची, आणि ही बाई खिडकीतून मान डोलवायची. तिला वाटायचं कौतुक चाललंय.

अडचण होती इन्सुलिनची. ह्यांना सकाळ-संध्याकाळ सुई लागते आणि ते औषध गारच राहावं लागतं. गाडीच्या टपावर सोलरचं एक पॅनल होतं, जेवायच्या पाटाएवढं. त्याच्यावर एक दिवा लागायचा, पंखा फिरायचा, आणि फ्रीज दुपारपर्यंत कसाबसा दम काढायचा. मुलगा रोह्याच्या एका कंपनीत कामाला, रोज पेणहून कंपनीच्या बसनं जातो-येतो. तो म्हणाला, "विका ही गाडी. माझ्या ओळखीचा एकजण तिच्यात चायनीज टाकायला तयार आहे."

हे फडकं घेऊन बाहेर गेले. नुसतं गाडीच्या दारावरची धूळ पुसत बसले. ते बघून मुलगाच जरा नरमला.

"बरं. टपावर मोठी पॅनलं बसवा. मग रोह्याला आत्याच्या अंगणात तीन दिवस राहून दाखवा. मी शिफ्ट सुटली की येऊन बघीन. आत्याच्या घरातनं वायर ओढायची नाही. फ्रीज चालला तर कन्याकुमारीला जा नाहीतर लंकेत जा. बंद पडला तर चायनीज."

मग जोह्याच्या कारखान्याच्या आवारात पॅनलं बसवायचा कार्यक्रम झाला. दोन पॅनलं, एकेक दाराच्या फळीएवढं. बसवणारा पनवेलकडून आलेला, कान आणि खांदा यांच्यात मोबाईल दाबूनच शिडी चढला. ही बाई खाली खुर्ची टाकून बसली. नातीच्या मोबाईलवर तिनं दोन-चार व्हिडिओ बघितले होते, तेव्हा आता तिला कोण शिकवणार?

"पॅनलांचं तोंड पूर्वेला करा," तिनं खालून हुकूम सोडला.

त्यानं टपावरून वाकून बघितलं. "मावशी, गाडी वळली की तोंड कुठं राहील?"

"मग आम्ही गाडी पूर्वेला तोंड करून उभी करू."

"करा," तो म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

त्यानं लोखंडी पट्ट्यांच्या पायांवर पॅनलं बसवली. टप आणि पॅनल यांच्यात चार बोटं फट. बाईच्या डोळ्याला ती खुपली. "ही फट कशाला?"

"खालनं हवा..."

"हां, म्हणजे धुवायला सोपं," बाईंनी वाक्य पुरं केलं. फोनवर त्याचं कुणाशी तरी भांडण रंगात आलं होतं. "हां, तेच," म्हणाला आणि उतरला.

जोह्याहून पेणला येईपर्यंत पॅनलांनी जीव नको केला. प्रत्येक खड्ड्याला टपावर भांड्यांची गोणी आपटल्यासारखा आवाज. आता दुसरी कुणी असती तर तिनं नटबोल्ट आवळून घेतले असते. पण ही पडली गणपतीवाली. उभा जन्म तिनं ट्रकांत गणपती भरले. खाली पेंढा, मध्ये पेंढा, सोंडेला पेंढा, बोटांना पेंढा. नाजूक वस्तू रस्त्यानं जायची म्हणजे पेंढा, याच्यापलीकडे तिचं डोकं जायचंच नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून दोन भारे आणले आणि स्वतः शिडीवर चढून ती चार बोटांची फट गच्च भरून टाकली. काठीनं ठोसून ठोसून. वर सुतळी मारली.

हे खालून म्हणाले, "गो, त्यानं फट ठेवलीय ती काय उगाच ठेवली असंल?"

"तुम्ही गाडी चालवा. माल भरायचं मला नका शिकवू."

आवाज बंद झाला. पेणपासून रोह्यापर्यंत पॅनलं गपगार. बाई पुढच्या सीटवर अशी बसली होती की जणू सूर्याला तिनंच कामाला लावलंय.

रोह्यात नणंदेच्या अंगणात गाडी लावली. वैशाखातलं ऊन, नदीकडनं वारासुद्धा येईना. पण गाडीच्या आत मात्र गारवा. नणंद आत डोकावली. "व्हय गो वयनी, माझ्या घरापेक्षा गार हाय."

"पॅनलं मोठी आहेत ना," बाईंनी सांगितलं. काय संबंध? पण ते अशा थाटात सांगितलं की नणंदेनं शेजारणीला बोलावून आणून दाखवलं. टपावरच्या पेंढ्यानं ऊन खाली येऊ दिलं नव्हतं एवढंच. ते ऊन मग वर कुठे गेलं, हा प्रश्न बाईच्या मेंदी लावलेल्या डोक्यात आला नाही.

मुलगा शिफ्ट सुटल्यावर आला, फ्रीजला हात लावला, होकाराची मान हलवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीज गप्प झाला. मला कळलंच नाही, मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. ह्यांना कळलं. जन्मभर इंजिन ऐकलेला कान. ते उठले, फ्रीजमधला औषधाचा डबा काढला आणि बहिणीच्या घरात गेले. नणंदेनं डबा आपल्या फ्रीजमध्ये बोंबलांच्या शेजारी ठेवला. तेवढ्यात मुलाचा फोन.

"आई, औषध गार आहे ना?"

"गार आहे की. अगदी बर्फ."

नणंद हसत सुटली. "खोटं कुठं बोलली बिचारी? फ्रीज कुणाचा ते त्यानं इचारलंच नाय."

हे हसले नाहीत. पायरीवर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं नणंद नाक वर करून हुंगायला लागली. "वयनी, कायतरी करपतंय. चुलीवर काय ठेवलंस?"

"काही नाही."

"मग तुझ्या गाडीतना येतंय."

आत काही नव्हतं, म्हणून बाई पदर खोचून शिडीवर. खाली नणंद शिडी धरून. "पडशील गो. मग माझ्या दादाला सुई कोण देणार?" पॅनलच्या काचेवर हात ठेवला तर चटका. फटीत हात घातला तर तिथे ऊब. नुसती ऊब नाही. कोकणातल्या बाईला डोळे मिटून ओळखता येईल अशी, मुरलेली, कोंडलेली. नणंदेच्या मागच्या खोलीत त्याच आठवड्यात आंबे पिकायला पेंढ्यात अढी घातली होती. तिच्यात हात घालून मीच सकाळी चाचपून आले होते. तीच ऊब.

आणखी आत हात घातला. दोन वायरींचा जोड होता तिथला पेंढा हाताला कुरकुरीत लागला. ओढून काढला तर काळा.

नणंदेनं तो हातात घेऊन वास घेतला. "काय गो, पॅनलांची अढी घातलीस? पिकली का?"

सोलरचं पॅनल फार तापलं की वीज कमी देतं, ही गोष्ट व्हिडिओत शेवटी सांगतात, आणि बाई शेवटपर्यंत व्हिडिओ बघायची नाही. वरून ऊन, खालून पेंढा. बॅटरी दिवसा पुरती भरेना, रात्री फ्रीज तिला पिऊन टाकी. आणि तो जोड तापत तापत पेंढा करपवत होता, भर दुपारी त्यानं वीजच तोडली. त्याच्या बरोब्बर खाली ह्यांची उशी.

हे शिडीजवळ आले, काळा पेंढा बघितला आणि आत जाऊन अंथरूण गुंडाळायला लागले. "चल," म्हणाले, "पेणला जाऊ."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उलट बोलता येतं, आणि त्यात बाई तयार होती. गुंडाळलेल्या अंथरुणाला काय बोलणार? ती पुन्हा वर चढली आणि मूठमूठ पेंढा उपसून खाली टाकायला लागली.

मुलगा आला तेव्हा अंगणभर पेंढा, शेजारची गाय तो खातेय, आणि त्याची आई टपावर, केसांत काड्या. नणंदेनं काळी मूठ त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली.

"बाबा ह्याच्या खाली झोपले होते?"

"रस्त्यानं आवाज येत होता, म्हणून..." बाई म्हणाली.

"आई, गणपती पेंढ्यात घालतेस. ट्रक पोचला की पेंढा काढतात की नाही? की तसाच पुजतात?"

आयुष्यात पहिल्यांदा बाईला पुरं करायला वाक्यच मिळालं नाही.

"बंद पडला ना फ्रीज? मग झालं," मुलगा गाडीत डोकावून म्हणाला. "मी उद्या त्या चायनीजवाल्याला कळवतो."

तेव्हा हे गाडीतून उतरले. "अट कशाची होती?"

"फ्रीजची."

"पॅनलांची होती. पेंढ्याची नव्हती." ह्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "नोकरीभर मी इथवर आलो आणि स्टँडवर गाडी वळवली. तू सांगतोस तर आताही वळवतो. पण एकदा पेंढ्याशिवाय बघ."

मुलानं हातातला काळा पेंढा खाली टाकला. बापानं त्याच्याकडे काही मागावं याची त्याला सवयच नव्हती.

"बघ रे बाबा," नणंद म्हणाली. "नायतर ही गुलाबी गाडी माझ्याच दारात टाकून जातील, आणि लोक मला नवस बोलाय येतील."

मुलानं करपलेला जोड कापून नवा घातला. टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पॅनलांच्या पायांखाली सरकवले, बोल्ट आवळले. आवाजाचं औषध एवढंच होतं. शिडी काढून घेतली आणि आत्याला म्हणाला, "आईला ही द्यायची नाही. उद्यापासून पुन्हा तीन दिवस."

ते तीन दिवस गाडीत भट्टी होती. आता गारवा नव्हता, तो पेंढ्याबरोबर गायीच्या पोटात गेला होता. बाई घामानं निथळत फ्रीजशेजारी बसून त्याची घरघर ऐकायची आणि तो जरा थांबला की त्याच्या दाराला कान लावायची. फ्रीज मधूनमधून आपोआप थांबतो, हेही तिला तेव्हाच कळलं. शेवटच्या संध्याकाळी मुलानं फ्रीजमधली पाण्याची बाटली काढून तोंडाला लावली आणि गाल धरला.

"काय झालं?"

"दाताला लागलं," तो म्हणाला. बाटली परत ठेवली, बापाला म्हणाला, "रोज फोन करायचा. आणि फोन तुम्ही करायचा, हिनं नाही."

सकाळी निघालो. कोलाडला हमरस्ता लागतो तिथे ह्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. डावीकडे गेलं की नागोठणं आणि पेण, उजवीकडे माणगाव आणि बाकीचा सगळा देश.

"का थांबलात?"

"इथनं पुढचा रस्ता मी कधी चालवला नाय."

"विचारू का कुणाला?"

"गप बस गो," हे म्हणाले, आणि उजवीकडचा इंडिकेटर लावून मागून येणारे ट्रक एकेक करून जाऊ दिले.