एकट्याची होडी

वरूडच्या संत्रा मंडीत देवानंद बसलेला दिसला, तर तो आजारी असला पाहिजे. चहा तो उभ्यानं पितो, जेवता जेवता उठून ट्रक भरला का ते बघून येतो आणि लग्नाच्या पंगतीत बसायच्या ऐवजी वाढप्यांच्या हातातली बादली काढून घेतो. त्याची बायको प्रतीक्षा म्हणते, यांच्यासाठी घरात खुर्ची घेतली, पण तिच्यावर आजवर कपडेच बसले.

असा माणूस दर रविवारी धरणावर होडीत बसायला जातो, हे मंडीला काही केल्या पचत नव्हतं.

धरणावरचा क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, तिच्यात चार तऱ्हेच्या शिडाच्या होड्या, आणि त्या सगळ्यांवर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नत्थुजी. ऑप्टिमिस्ट ही लेकरांची, आंघोळीच्या टपाला शीड लावल्यासारखी. देवानंद हौसेनं तिच्यात शिरला तेव्हा त्याचे गुडघे कानाला लागले होते. वेफेरर चांगली लांबरुंद, दर्यापूरच्या सवारी जीपसारखी, माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही. एंटरप्राइझला दोन शिडं आणि दोन माणसं लागतात. देवानंदसोबत तिच्यात एकदा बसलेला माणूस पुढच्या रविवारी हमखास पाठदुखीचं कारण सांगतो. आणि चौथी लेझर. एक शीड, एक माणूस. हिच्यावर देवानंदचा जीव जडला होता.

पण लेझर अशी कोणालाही मिळत नाही, आधी नत्थुजींची परीक्षा. तीत एकट्यानं बसून, लांब पाण्यावर तरंगत ठेवलेल्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं. उलटली तर हरकत नाही, मात्र आपली आपण सरळ करायची. देवानंद आजवर दर खेपेला उलटला होता आणि दर खेपेला नत्थुजींनी त्याला मोटरबोटीनं ओढून आणला होता. त्यात धरणाचं पाणी खाली चाललेलं. हा शेवटचा रविवार. उद्या होड्या शेडमध्ये जाणार त्या पार पावसाळ्यानंतर निघणार. तोवर थांबणं म्हणजे देवानंदसाठी जन्मठेपच.

"देवानंद, होडी कलंडली की तू खालच्या बाजूले काहून पळतं बे?" नत्थुजींनी विचारलं.

"खाली चालली तिकडूनच उचलाव लागन ना, काकाजी."

दोष मंडीचा होता. संत्र्याच्या क्रेटांची थप्पी झुकली की ती झुकते त्या बाजूला जाऊन खांदा द्यायचा, नाहीतर सगळा माल जमिनीवर. देवानंदनं लहानपणापासून हेच केलेलं. आता होडी झुकली की तोही झुकत्या बाजूला धावायचा आणि राहिलेली कसर भरून काढायचा.

"थे होडी हाय, माल नाही. वरच्या बाजूले बस अन् मांगं रेल."

"समजलं."

"दर रविवारी समजते याले," नत्थुजी प्रतीक्षाला म्हणाले. ती काठावर चटई टाकून बसली होती.

"घरी बी असंच हाय, काकाजी," ती म्हणाली.

देवानंद निघाला. पिंपापर्यंत वारा सरळ होता, तोही चुळबुळत का होईना नीट बसला होता. वळसा घेताना वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, आणि डोक्यानं काही ठरवायच्या आत त्याचा खांदा खालच्या बाजूला पोचला. होडी आडवी, शीड पाण्यावर पसरलेलं, देवानंद लाइफ जॅकेटात तरंगतोय.

नत्थुजींनी मोटरबोटीच्या दोरीला हात घातला.

"थांबा थोडं," प्रतीक्षा म्हणाली. "थे अजून बोलून राह्यले."

देवानंद खरंच होडीला शिव्या घालत होता. शिव्या घालतच तो पोहत पलीकडे गेला आणि बुडाला लावलेली फळी पाण्यावर आडवी आली होती तिच्यावर चढला. होडीची कड धरली आणि सगळं अंग मागं टाकलं. आधी काहीच झालं नाही. मग शीड हळूच पाण्यातून सुटलं आणि होडी उभी राहिली. खांदा न देता, नुसतं उलटीकडे रेलून एवढं वजन उठतं, हे त्याच्या पाठीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. परतीच्या वाटेवर पुन्हा झोत आला. खांदा खाली जायला निघालाच होता. पाठीनं त्याला ओढून वर बसवला.

काठाला लागल्यावर नत्थुजी म्हणाले, "झालं. लेझर आता तुही झाली. ये, चहा घे."

"येतो ना, एक चक्कर मारून," म्हणत देवानंद तिथूनच वळला.

तो मध्यावर पोचला आणि वारा पडला. पाणी ताटासारखं. शीड बाजूला लोंबलं. देवानंदनं सुकाणू हलवून पाहिलं, दोर ओढला, सोडला, जागा बदलली, परत पहिल्या जागी आला. होडी तिथल्या तिथं.

"ओढून आणू काय?" नत्थुजींनी विचारलं.

प्रतीक्षानं चहाचा घोट घेतला. "राहू द्या. लग्न झाल्यापासून यायले इतका वेळ बसलेलं पाह्यलं नाही मी."

तिकडे देवानंद पुन्हा जागा बदलत होता.