आधी पेपर

माझ्या बहिणीला साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचून घ्यायची. पण तिच्या घरात त्या वर्षी आजारी पडायची सोय कोणालाच नव्हती. भाचीचा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा तिसरा प्रयत्न होता, आणि हा शेवटचा, असं मेव्हण्यांनी बजावलं होतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, खोकायचं तेही दार लावून.

भाचीचं घोडं अडायचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीत. रेणूला कुठला फंक्शनल ग्रुप चिकटलाय त्यावर त्याचं वागणं ठरतं, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. त्यात नवल ते काय? मेव्हणे चिकटले आणि माझ्या बडबड्या बहिणीचं तोंड बंद झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. क्लासमध्ये कोणी बाटली उघडून हुंगायला दिली नाही. नुसत्या रेघा आणि अक्षरं. अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन. बहीण भाजी चिरता चिरता कार्डं धरून प्रश्न विचारायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर कार्डाच्या मागे लिहिलेलं असायचं.

पेपर रविवारी होता. त्या धांदलीत इन्सुलिन संपलं ते आणायचं राहून गेलं. शुक्रवारपासून बहिणीला उलट्या, धाप. मेव्हणे म्हणाले, पित्त असेल, सोमवारी दाखवू. तीही तेच म्हणाली, आधी पेपर. शनिवारी ती कार्डं घेऊन बसली, तर खोलीत नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा वास. भाची आपल्या धाकट्या बहिणीवर खेकसली, ऐन परीक्षेत तुला नखं सुचतात? धाकटी रडून शपथा घेत राहिली. माझ्या बहिणीने कार्ड उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

रविवारी मेव्हणे परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी उभे होते. घरी बहीण बेशुद्ध पडली, आणि धाकटीने फोन केला तो मला. मी इस्पितळात नेलं. पेपर देऊन भाची थेट तिथे आली, तेव्हा डॉक्टरीणबाई समजावत होत्या. इन्सुलिन चुकलं की रक्तात कीटोन साचतात, श्वासाला ॲसिटोनचा वास मारतो. नेलपॉलिश काढतात तेच ते. कोणालाच आला नाही?

"मला आला होता," भाची म्हणाली. "मी धाकटीला रागावले."

बहीण शुद्धीवर आलीच नाही.

निकाल लागला, भाचीला जागा मिळाली. घर माणसांनी भरलं. मेव्हणे मिठाईचा खोका फिरवत सांगत होते, हिची आई गेली, पण पेपर काही मी चुकू दिला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात भाचीने सगळ्यांदेखत मला विचारलं, "मामा, आईला शुक्रवारीच नेलं असतं तर?"

हेच मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. आता मामा काहीतरी गोड बोलेल म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते.

"तू डॉक्टर होणार, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? वाचली असती."

भाचीने नुसती मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं. तिला ते बाबांना ऐकवायचं होतं.