पंचशीलानं सायलेंट काढलं

पंचशीला कांबळे लातूरच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मली. नांदेडला मामाकडे राहून डिप्लोमा केला आणि लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला लागली. पोरांच्या टेस्ट तपासणारा प्रोग्राम तिच्याकडे होता.

एका सोमवारी उदगीरची इकरा रडवेल्या तोंडानं आली. "दीदी, माझे बावीस मार्क कमी हायत. मी चुकीचं लिहिलंच न्हाई, बावीस प्रश्न सोडले होते. आता मला खालच्या बॅचला टाकून राहिले."

पंचशीलानं हिशेब करून पाहिला. पोरगी खरं बोलत होती. सोडलेला प्रश्न प्रोग्राम चुकीचा धरत होता आणि चुकीला एक मार्क कापत होता. पण ही चूक दुरुस्त केलेली नवी आवृत्ती तर क्लासचे मॅनेजर ईश्वरप्पांनी आठवड्यापूर्वीच मागवली होती! तिनं तेव्हा कमांड दिली होती, आणि प्रोग्रामचे असे तुकडे आणून बसवणारं 'पॅकेज मॅनेजर' नावाचं सॉफ्टवेअर काहीच कुरकुरलं नव्हतं.

तिनं त्याची सेटिंगची फाईल उघडली. लॉगची, म्हणजे काय घडलं ते सांगणाऱ्या नोंदींची, पातळी 'सायलेंट' होती. म्हणजे काही बसो न बसो, पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही.

"मीच ठेवलंय तसं," तिनं विचारल्यावर ईश्वरप्पा म्हणाले. "अॅडमिशनला पालक येतात. पडद्यावर लाल अक्षरं दिसली की त्यांचा जीव घाबरतो."

"मग चूक कळायची कशी, सर?"

"तुला काय करायचंय? निकाल लागलाय. हात लावू नको."

तिनं हात लावला. 'सायलेंट' खोडून 'व्हर्बोज', म्हणजे सगळं सविस्तर सांग, असं लिहिलं आणि तीच कमांड पुन्हा दिली. भराभरा ओळी धावल्या आणि शेवटी लाल अक्षरांत उत्तर आलं: डिस्क भरलेली, नवी आवृत्ती बसलीच नाही, जुनीच चालू आहे. तिनं जुन्या फाईली काढून जागा केली, नवी बसवली, सगळे पेपर पुन्हा तपासले. एकेचाळीस पोरांचे मार्क बदलले. नवी यादी छापून दुपारी तिनं स्वतः फलकावर लावली.

ईश्वरप्पा तरातरा आले. "क्लासची अब्रू घालवलीस! उद्यापासून येऊ नको."

व्हरांड्यात पोरं थांबली होती. पंचशीला खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही.

"येत न्हाई. पण लिहून द्या, कारणासकट. एकेचाळीस पोरांचे मार्क बरोबर केले म्हणून काढलं, असं लिवा. खाली सही करा."

ईश्वरप्पांनी फलकाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. कागद काही मागवला नाही.

"ते सायलेंट परत कर," जाता जाता ते पुटपुटले.

"करणार न्हाई. 'वॉर्न'वर ठेवते. फालतू ओळी दिसायच्या न्हाईत, पण चूक दिसल."

त्या आठवड्यात तिचं टेबल झेरॉक्सच्या खोलीत हलवलं गेलं. तिथं पंखा नव्हता. तिनं घरून टेबलफॅन आणला. इकरा वरच्याच बॅचला राहिली.